एकटीनं उतरवायचं शीड

माझी आत्या तोंडात टाचण्या धरून बोलायची. त्यामुळे तिची वाक्यं आखूड असत. ज्या दिवशी टाचण्या नसत त्या दिवशीही ती आखूडच बोले. इतक्या वर्षांची सवय, एका रविवारात थोडीच जाते. जिंतुरात तिनं आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, आणि त्यातून जगाकडे मापानं बघायची खोड लागली ती लागलीच. मी बोरीहून एसटीनं तिच्याकडे गेलो की उंबऱ्यातच स्वागत व्हायचं, "पोट दोन इंच पुढं आलंय. आत ये."

एकदा आम्ही दोघं एका तेराव्याला गेलो होतो. हार घातलेला फोटो, उदबत्ती, डोळ्याला पदर लावून बसलेल्या बायका. आत्या फोटोकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिचाही गळा दाटला. ती माझ्या कानाला लागली आणि म्हणाली, "कोट दुसऱ्याचा हाय." मागाहून कळलं, कोट खरंच फोटो-स्टुडिओतला होता.

तिची सगळी शिकवण चार वाक्यांत मावायची. "आधी कच्ची टीप घाल. बसलं तर पक्की मार. न्हाई बसलं तर उसव. उसवायला लाजायचं कामून?" हे ती ब्लाउजबद्दल सांगे, वरणाबद्दल सांगे, आणि मी बी.एड.ला पहिल्यांदा आपटलो तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. सांत्वन म्हणून नाही. तिला माझ्या डोक्याचं माप चुकलंय असं वाटलं होतं.

आता ती पुण्याला मुलीकडे नवव्या मजल्यावर असते. फोन केला की तब्येतीचं नाही, पाण्याचं विचारते. पाणी म्हणजे येलदरी धरणाचं.

त्याचं असं झालं. काका गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ती धरणाकाठच्या एका गावात बायकांचा शिवणवर्ग घ्यायला जाऊ लागली. तिथं कुणा हौशी माणसानं पर्यटनाचं काहीतरी काढलं होतं, ते सुरू व्हायच्या आधीच बंद पडलं, आणि त्याची एक लहानशी फायबरची नाव काठावर पालथी पडून राहिली. खाली कोंबड्या बसत.

"ही कुनाची?" आत्यानं विचारलं.

"आता कोंबड्यांचीच समजा, बाई," तो माणूस म्हणाला.

"त्यांला खुराडं बांधून देते. नाव मला दे."

खुराडं तिनं खरंच बांधून दिलं, खिडकीला पडद्यासकट. नाव सुलटी केली तेव्हा तिच्यातून एक डोलकाठी, एक आडवा दांडा आणि उंदरांनी खाल्लेलं शीड निघालं. दुसरा कुणी असता तर त्यानं वल्ही मागितली असती. आत्यानं शिडाचं माप घेतलं.

परभणी जिल्ह्यात शिडाची नाव म्हणजे वरातीत उंट आणल्यासारखं आहे. बघायला सगळे येतात, कशाला आणला ते कुणी विचारत नाही. आत्याला पोहता येत होतं, लहानपणी विहिरीत शिकलेली. बाकी नाव कशी चालवायची ते ती मोबाईलवर शिकली, तेही आवाज बंद करून. मी विचारलं तर म्हणाली, "मानसं बोलाया लागली की त्यांचे हात दिसत न्हाईत." महिनाभर ती परदेशी माणसांचे नुसते हात बघत बसली. मग रेनकोटचं कापड आणून तिनं पायमशीनवर नवं शीड शिवलं. खोलीत मावेना म्हणून दार उघडं ठेवलं, अर्धं शीड गल्लीत पसरलं, आणि गल्लीतल्या शेळ्या त्यावरून गेल्या त्याचे डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत. कापड ताठ राहावं म्हणून शिडात आडवे चार खिसे, खिशांत बांबूच्या कामट्या. उरलेल्या कापडाची स्वतःसाठी पँट. तिला आठ खिसे. एकात कायम कात्री.

"पान्यात कात्री कशाला, आत्या?"

"कापड म्हनलं की कात्री लागतीच," ती म्हणाली. आठव्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असत. त्या तिच्या एकटीच्या.

आणि मग माझी नेमणूक झाली.

शीड चढवणं सोपं असतं. दोरी ओढली की कापड वर जातं, काठावरची माणसं टाळ्या वाजवतात. उतरवणं वाईट. दोरी सोडली की सगळं कापड एकदम खाली येतं. थोडं नावेत, थोडं पाण्यात, बाकीचं माझ्यावर. मी ते कवेत घ्यायचं आणि दांड्यावर दाबून धरायचं, एवढंच माझं काम. वारा असला तर ते कापड एखाद्या रागावलेल्या नातेवाइकासारखं अंगावर धावून येई. आत्या मागं सुकाणूपाशी बसून सूचना देई, "डावीकडचं धर. डावीकडचं रे. तुझं डावं न्हाई, नावंचं." चार हिवाळे मी हे केलं. शाळेत मी इंग्रजीचा शिक्षक, शनिवारी-रविवारी शिडाखालचा माणूस. सांगायला लाज वाटते, पण मला त्या कामाचा अभिमान होता. माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही, असं मी बायकोलाही ऐकवत असे.

पाचेक वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला दोरी सटकली. कापडाबरोबर दांडाही खाली आला आणि माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. आत्यानं हाताची झोळी स्वतः शिवली, मोबाईलचा खिसा लावून, आणि डॉक्टरांनी दिलेली काढून टाकली. "त्येचा उतार चुकलाय," म्हणाली.

मग थोरले दादा आले. दादा बोलायला लागले की आमच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी दाबून धरतो. ते आत्यासमोर बसले आणि म्हणाले, "आत्या, आजवर हा सोबत होता म्हनून मी गप होतो. आता ह्येचा हात गेला. तुमी एकटीनं पान्यात जायचं न्हाई."

"का?"

"मधीच वारा सुटला अन् शीड उतरंना, तर कोन येनार हाय? मी धीवरांशी बोललोय. नाव त्यांला देऊन टाकू. त्यांच्या कामाला तरी यील."

आत्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. आम्ही दोघं भाऊ त्या टाचण्या संपायची वाट बघत राहिलो.

"थोरल्या," ती म्हणाली, "एकटीनं शीड उतरवून दाखवलं तर?"

दादा भरीला पडले. दिवाळीच्या अलीकडचा रविवार ठरला. काठावरून निघायचं, पलीकडच्या पांढऱ्या खडकापर्यंत जायचं, यायचं, आणि भर पाण्यात एकटीनं शीड उतरवायचं. जमलं तर नाव तिची. नाही जमलं तर सोमवारी धीवर येऊन नाव नेणार.

त्याच संध्याकाळी तिनं माझ्यापुढे मोबाईल धरला. एक म्हातारा गोरा माणूस एकटाच नावेत उभा, दोरी सोडतो, आणि शीड आपोआप घडी घालत दांड्यावर येऊन बसतं.

"ह्याला काय म्हनत्यात ते वाच."

मी वाचलं. लेझी जॅक. डोलकाठीच्या वरच्या अंगापासून दोन्ही बाजूंनी एकेक दोरी खाली येते, मध्ये तिला फाटे फुटतात, आणि ते फाटे आडव्या दांड्याला तीन-तीन ठिकाणी बांधलेले असतात. दोन्हीकडच्या दोऱ्यांच्या मधे शीड पडतं, बाहेर सांडत नाही. कुणी कवेत घ्यायची गरज नाही.

आत्यानं पुन्हा एकदा बघितलं, पुन्हा एकदा. मग म्हणाली, "म्हंजी तूच की रे. फकत जेवायला मागत न्हाई."

मी हसलो. पण रात्री बायकोला हे सांगताना मला हसू आलं नाही, हेही खरं.

जिंतुरात लेझी जॅक मिळत नाही. दुकानदारानं ट्रॅक्टर उचलायचा जॅक काउंटरवर आदळला आणि म्हणाला, "ह्यो बी काई लय कामाचा न्हाई, घेऊन जा." आत्यानं नायलॉनची दोरी घेतली, दोन बारक्या कप्प्या घेतल्या, आणि पडद्याच्या पितळी कड्या घरच्याच काढल्या. बांधायला माणूस हवा होता. माझा एक हात गळ्यात, तिच्या मनगटात संधिवात. धरणाकाठच्या गावातला सटवाजी आला.

सटवाजी दरवर्षी दिवाळी झाली की टोळी घेऊन ऊसतोडीला जायचा. उसाची गाडी भरून दोर आवळावा तो त्यानंच. त्यानं बांधलेली गाडी कारखान्यापर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून गेली तरी एक कांडकं ढळत नाही, अशी त्याची ख्याती. आम्ही डोलकाठी आडवी पाडली, कप्प्या बसवल्या, काठी उभी केली, आणि त्यानं दोऱ्या ओढायला घेतल्या. पाय नावेच्या कडेला लावून, दात खाऊन. शेवटची गाठ मारली आणि दोरीवर बोट मारलं. दोरी टणकन वाजली.

"वाजती बगा," तो म्हणाला. "वाजला न्हाई त्यो दोर न्हवं."

आत्यानंही बोट मारून बघितलं. ती दुसऱ्याच्या कसबात सहसा हात घालत नसे. "झ्याक," म्हणाली.

आता जे सांगायचं ते मी आजवर फक्त घरच्यांना सांगितलंय. मोबाईलवरचं ते इंग्रजी पान मी गुरुवारी शेवटपर्यंत वाचलं होतं. शेवटाला स्पष्ट लिहिलं होतं : शीड चढवताना आणि चालवताना या दोऱ्या सैल सोडाव्यात, ताणलेल्या राहिल्या तर शिडातल्या कामट्या त्यांच्यात अडकतात. मी ते वाचलं आणि आत्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? स्वतःला मी सांगितलं की एवढ्या बारीकसारीकाची काय गरज, आणि सटवाजीचं मन कशाला मोडा. पण खरं असं होतं की त्या दोऱ्या माझ्या जागेवर आल्या होत्या. त्या थोड्या नापास झाल्या असत्या तर मला चाललं असतं. पूर्ण नापास नाही. माझा हात बरा होईपर्यंत आत्याला माझी आठवण येईल, इतपत. धीवर सोमवारी येणार आहेत, हे मी या हिशेबात सोयीनं धरलंच नव्हतं.

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही काठावर. दादा दगडावर खिशातली दस्ती अंथरून बसले. सटवाजी उकिडवा. मी उभा, कारण बसवत नव्हतं. आत्यानं आठ खिशांच्या पँटवर लाइफजॅकेट चढवलं, त्याचे पट्टे तिनं आधीच उसवून आपल्या मापानं शिवलेले होते, आणि वल्ह्यानं नाव पाण्यात ढकलली.

पन्नासेक हात आत जाऊन तिनं नावेचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि दोरी ओढायला लागली. शीड चढलं. निम्म्यात आलं आणि थांबलं. तिनं ओढलं. हलेना. डावीकडच्या ताणलेल्या दोरीखाली दुसरी कामटी जाऊन अडकली होती. तिनं शीड थोडं खाली घेतलं, पुन्हा ओढलं, आता उजवीकडची अडकली. तोवर नाव वाऱ्यानं फिरली, अर्ध्या शिडात हवा भरली आणि नाव आडवी चालायला लागली. थेट तिकडं, जिथं धरणात बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर आलेले आहेत.

"आत्या!" दादा उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता ती कात्री काढते. पण तिनं कात्री काढली नाही. गुडघ्यांनी शीड दाबलं, वल्हं घेतलं आणि त्या संधिवाताच्या मनगटांनी, एक एक हात करत, नाव माघारी आणली. बाभळीचा एक काटेरी शेंडा नावेला चाटून गेला तो आवाज आम्हाला काठावर ऐकू आला.

नाव टेकली. आत्याला धाप लागली होती. दादा मऊपणानं म्हणाले, दादांचा मऊपणा फार कठीण असतो, "झालं, आत्या. बगितलं आपन. काई कमीपना न्हाई ह्यात."

"कुटं चुकलं तेवडं बगू दे."

"चुकलं न्हाई. जमनारं न्हवतं."

आत्या दांड्याकडे बघत होती. दोरीला बोट लावत होती. तिला दिसत होतं की काहीतरी चुकलंय आणि काय ते कळत नव्हतं. तिच्या तोंडावर मी असं कधी बघितलं नव्हतं. माप घेऊनही कापड न बसलेल्या बाईचं ते तोंड. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"दोऱ्या सैल ठेवायच्या असतात," मी म्हणालो. "लिहिलं होतं तसं."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "कवा वाचलंस?"

"गुरुवारी."

सटवाजीनं माझ्याकडे बघितलं, दादांनीही बघितलं. आत्याला सगळं कळलं असणार. बाह्या शिवताना तिला माणसाचा खांदा पडलेला कळतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उसव," ती म्हणाली.

मी एका हातानं गाठी सोडायला लागलो. सटवाजीच्या गाठी. दातांनी, नखांनी. एकही सुटेना. शेवटी सटवाजीच पुढं आला, पण गाठीवर हात ठेवून थांबला.

"बाई, म्या सैल बांधून दिल्यालं टोळीत कळलं तर मला कुनी गाडीला हात लावू देनार न्हाई."

"सटवाजी," आत्या म्हणाली, "फडात तुज्या लेकराची झोळी कुटं बांधतोस?"

"गाडीखाली. सावली ऱ्हाती."

"ती तानून बांधतोस का? वाजती का ती?"

"झोळी कशी वाजंल, बाई? लेकरू बाहीर पडंल की."

"मग ही झोळीच हाय. लेकरू वरून येनार हाय, एवडंच."

सटवाजी बराच वेळ त्या दोऱ्यांकडे बघत राहिला. वरून येणारं लेकरू त्याला दिसायला लागलं असावं. त्यानं गाठी सोडल्या, दोऱ्या हातभर ढिल्या केल्या, खाली पोट येईल अशा. पण त्याच्या कसबाचं समाधान होईना. मग त्यानं बैल दावणीला बांधतात तशी एक सरगाठ डोलकाठीच्या खुंटीला मारली. एक हिसका दिला की दोऱ्या सैल होऊन काठीला चिकटायच्या, दुसऱ्या टोकाला ओढलं की पुन्हा झोळी. हे त्या मोबाईलवरच्या पानात होतं की नाही मला आठवत नाही. बहुतेक होतं. तो भागही मी नीट सांगितला नव्हता.

"आत्या, दिस कलला," दादा म्हणाले. "येक डाव झालाय. ठरलं ते ठरलं."

"तुजी पँट शिवताना मी किती डाव उसवली होती, थोरल्या? तुज्या लग्नातली?"

 दादा दस्ती झटकून पुन्हा बसले.

ती दुसऱ्यांदा निघाली. या वेळी तिनं घाई केली नाही. नावेचं तोंड वाऱ्याकडे, सरगाठीला हिसका, दोऱ्या काठीला, आणि मग दोरी ओढली. शीड सरळ वर गेलं. शेळ्यांच्या खुरांच्या डागांसकट. नाव वळली, कापडात पोट आलं, आणि ती पांढऱ्या खडकाकडे निघाली. तिचा पाठमोरा आकार लहान होत गेला. येताना मध्यावर वारा वाढला. पाण्यावर काळी झाक धावत येताना आम्हाला तिच्याआधी दिसली. दादांनी माझा दंड धरला. मोडल्या बाजूचाच, पण मी ओरडलो नाही.

आत्या उभी राहिली. सुकाणू पायानं धरून तिनं नावेचं नाक वाऱ्यात घातलं, झोळी ओढली, आणि दोरी सोडली. शीड खाली आलं. एक घडी, दुसरी, तिसरी. पाण्याला कापडाची कोरही लागली नाही. सगळं दांड्यावर येऊन बसलं, आणि वाऱ्याची झाक नावेला नुसतं डोलवून पुढं गेली.

"आय्यो," सटवाजी म्हणाला. "निजलं की." आणि तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

दादांनी माझा दंड सोडला. "जमलं," ते म्हणाले. "आता यील वल्हवत."

पण ती आली नाही. झाक गेल्यावर तिनं शीड परत चढवलं, थोडं अंतर गेली, आणि परत उतरवलं. घड्या पडताना बघत उभी राहिली, एक हात कमरेवर. मग पुन्हा चढवलं.

"अरे, दाखवलं की तिनं. आता कोनाला दाखवायलीय?"

 चार हिवाळे मी त्या नावेत होतो आणि ती अशी उभी राहिलेली मी एकदाही बघितली नव्हती. मला वाटायचं, मी सोबत आहे. ती काका गेल्यापासून एवढं पाणी एकटीला मिळावं म्हणून वाट बघत होती, आणि दर रविवारी नावेत मी बसलेलो असायचो, डावं-उजवं विचारत.

तिसऱ्यांदा शीड उतरल्यावर तिनं आमच्याकडे बघून हात हलवला. दादांनी उलट हात हलवला. तिनं आणखी जोरात हलवला.

"बोलवायलीय का?"

"न्हाई दादा," मी म्हणालो. "जा म्हनायलीय."

ती घड्या पडलेल्या शिडाला पाठ टेकून बसली, पाय लांब केले. दादांना माणूस पाण्यात सोडून घरी जाणं शक्य नव्हतं, आणि मलाही.  मग दादांनी दगडावरची दस्ती उचलली, दगडाच्या पलीकडच्या बाजूला अंथरली आणि पाण्याकडे पाठ करून बसले. मला म्हणाले, "बस असा. बगू नगं तिकडं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. समोर तुरीचं रान होतं. पाठीमागं, लांब, कप्पी कुरकुरली. शीड वर चाललं होतं.